लुई पाश्चर आणि लंगडी कोंबडी

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने शास्त्रज्ञाचे चरित्र का लिहावे, असा प्रश्न वर्गातील मित्रांनी मला विचारला. त्याचे उत्तर देण्यासाठी गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीतील हकीगत सांगणे भाग आहे.

माझे मामा उज्जैनला फ्रीगंज भागात, टावर चौकापासून हाकेच्या अंतरावर राहतात. चौकात घड्याळाचा उंच मनोरा आहे, त्यावरून चौकाला हे नाव पडले. मामा छोट्या व्यापाऱ्यांच्या हिशेबाच्या वह्या लिहून देतात आणि सुट्टीत मी गेलो की जमाखर्च माझ्याकडून तपासून घेतात. त्यांच्या एका ओळखीच्या शेठजींचे गावाबाहेर कोंबड्यांचे पालनगृह आहे. एका संध्याकाळी हे शेठजी टावर चौकात आम्हाला भेटले ते चिंतेतच. त्यांच्या तलंगा, म्हणजे अंड्यावर येण्याच्या बेतात असलेल्या कोंबड्या, एकामागून एक लंगडू लागल्या होत्या. पायाचा सांधा सुजायचा, हात लावला तर गरम लागायचा आणि कोंबडी एका जागी बसून राहायची. दाण्यापाण्यापर्यंत चालत जाता येत नसल्यामुळे ती भुकेनेच खंगत जायची. शेठजींनी नुकताच एक पोरगा कामावर ठेवला होता. तो आधी दुसऱ्या पालनगृहात कामाला असल्यामुळे त्यानेच तिकडून लागण आणली, असे ठरवून शेठजींनी त्याला घरी पाठवून दिले होते.

दुसऱ्या दिवशी मामांबरोबर मीही तिकडे गेलो. पशुवैद्य आले होते. त्यांनी मेलेल्या तलंगेचा सांधा उघडून दाखवला. आत पिवळसर, घट्ट पू साचला होता. प्रयोगशाळेच्या तपासणीनंतर कळले की हे जंतू स्टॅफिलोकॉकस जातीचे आहेत. तथापि डॉक्टरांनी पुढे जे सांगितले त्याने शेठजी गोंधळून गेले. हे जंतू निरोगी कोंबडीच्या कातडीवरही असतात आणि त्यांच्या प्रत्येक कोंबडीवर ते आधीपासून असणार. शेठजींनी साहजिकच विचारले की, मग इतके दिवस त्या निरोगी कशा राहिल्या? डॉक्टर हसून म्हणाले की, एकच जंतू कधी मारतो आणि कधी गप्प बसतो, हा प्रश्न जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये एका माणसाने कोंबड्यांनाच विचारला होता. तो माणूस म्हणजे लुई पाश्चर. परत आल्यावर मी ग्रंथालयातून पाश्चर यांचे चरित्र वाचायला घेतले आणि त्यातून हा लेख झाला.

लुई पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी फ्रान्सच्या पूर्व भागातील दोल या गावी झाला. वडील नेपोलियनच्या सैन्यातून परतलेले शिपाई. पुढे ते कातडी कमावण्याचा धंदा करीत. लुईचे बालपण जवळच्या आर्ब्वा या गावात गेले. मुलगा शाळेत फार हुशार गणला जात नव्हता, पण चित्रे उत्तम काढीत असे. आईवडिलांची आणि शेजाऱ्यांची त्याने काढलेली चित्रे आजही जपून ठेवलेली आहेत. इ. स. १८३८ मध्ये त्याला शिक्षणासाठी पॅरिसला पाठवले, तर घरच्या आठवणीने तो आजारी पडला आणि वडिलांना त्याला परत आणावे लागले.

आपल्यासारख्या विद्यार्थ्यांना धीर देणारी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. १८४२ च्या विज्ञानाच्या परीक्षेत या भावी रसायनशास्त्रज्ञाला रसायनशास्त्रात सामान्य शेरा मिळाला होता. पॅरिसच्या एकोल नॉर्माल या नामांकित संस्थेत त्याला त्याच वर्षी प्रवेश मिळत होता, पण क्रमांक खालचा आला म्हणून त्याने तो नाकारला. पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षेला बसून तो वरच्या क्रमांकाने आत गेला.

१८४८ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी टार्टारिक आम्लाच्या क्षारांचे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली पाहून दोन प्रकारांत वेगळे केले. उजवा आणि डावा हात जसे एकमेकांचे प्रतिबिंब असतात तसे हे स्फटिक होते. चित्रकाराची नजर रसायनशास्त्रात कामी आली, असे म्हणावयास हरकत नाही. १८४९ मध्ये मारी लॉरां यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या बाईंनी आयुष्यभर नवऱ्याची टिपणे लिहून काढली. त्यांचे श्रम चरित्रांत दोन ओळींत संपतात, ही खेदाची गोष्ट आहे.

१८५४ मध्ये पाश्चर लील या कारखानदारीच्या शहरात विज्ञान विभागाचे प्रमुख झाले. तेथे बीटापासून मद्यार्क काढणारा एक कारखानदार आपला माल बिघडतो अशी तक्रार घेऊन त्यांच्याकडे आला. धंद्यातील नुकसान हे पाश्चर यांच्या बहुतेक शोधांचे मूळ आहे, हे वाणिज्याच्या विद्यार्थ्याला विशेष वाटते. मद्यार्क बिघडला, वाइन आंबली, रेशमाचे किडे मेले, मेंढ्या मेल्या, कोंबड्या मेल्या, की व्यापारी किंवा शेतकरी त्यांच्या दारी येई. आंबण्याची क्रिया सजीव सूक्ष्मजंतू घडवून आणतात, जंतू हवेतील धुळीबरोबर येतात आणि ठरावीक उष्णता दिली की ते मरतात, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवले. दुधाच्या पिशवीवर पाश्चराइज्ड हा शब्द आपण रोज वाचतो तो याच माणसाच्या नावाचा.

या यशाच्या काळातच घरी मात्र एकामागून एक आघात होत होते. पाच मुलांपैकी तीन मुली लहानपणीच गेल्या. थोरली झान १८५९ मध्ये, कामीय १८६५ मध्ये आणि सेसील १८६६ मध्ये. यांपैकी दोघी विषमज्वराने गेल्या. १८६५ पासून पाश्चर दक्षिण फ्रान्समध्ये रेशमाच्या किड्यांच्या रोगावर काम करीत होते, तेव्हा घरातील ही दुःखे ताजी होती. ऑक्टोबर १८६८ मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांना पक्षाघाताचा झटका आला. डावा हात आणि डावा पाय यांतील शक्ती नंतर पूर्णपणे परत आलीच नाही. कोंबड्यांवरील सर्व काम त्यांनी यानंतर केले आहे. लंगड्या कोंबडीचा प्रश्न सोडवणारा माणूस स्वतः पाय ओढत चालत होता.

कोंबड्यांशी त्यांचा पहिला संबंध काळपुळीच्या, म्हणजे ॲन्थ्रॅक्सच्या, अभ्यासात आला. मेंढ्यांना मारणारा हा रोग कोंबड्यांना होत नसे. पाश्चर यांनी विचार केला की, कोंबडीचे शरीर माणसापेक्षा गरम, सुमारे ४१ ते ४२ अंश असते. त्या उष्णतेत हे जंतू नीट वाढत नसतील काय? त्यांनी जंतू टोचलेल्या कोंबडीचे पाय थंड पाण्यात बुडवून ठेवले. तिचे अंग थंड झाले आणि ती रोगाने मेली. दुसऱ्या कोंबडीला रोग सुरू झाल्यावर पाण्यातून काढून ऊब दिली, तर ती बरी झाली. हा प्रयोग १८७८ चा. दोन्ही कोंबड्यांत जंतू तोच होता, बदलली होती ती फक्त शरीराची स्थिती.

याच सुमारास फ्रान्समध्ये कोंबड्यांचा कॉलरा नावाचा रोग पसरत असे. माणसाच्या कॉलऱ्याशी त्याचा संबंध नाही. कोंबडी पिसे फुलवून गोळा होऊन बसे, गुंगीत जाई आणि पुष्कळदा एका दिवसात मरे. इटलीतील पेरोन्चितो यांनी आणि फ्रान्समधील तूसँ नावाच्या पशुवैद्यकाच्या प्राध्यापकांनी त्याचे जंतू आधी पाहिले होते. तूसँ यांच्याकडून नमुना आल्यावर पाश्चर कामाला लागले. हे जंतू यीस्टच्या पाण्यात वाढेनात, पण कोंबडीच्याच मांसाच्या रस्श्यात झपाट्याने वाढू लागले. अशा रस्श्याचा एक थेंब कोंबडीला मारण्यास पुरे होई.

पुढची गोष्ट पाठ्यपुस्तकांत नेहमी येते. १८७९ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत जंतूंचा रस्सा तसाच पडून राहिला. परतल्यावर तो कोंबड्यांना टोचला तर त्या थोड्या आजारी पडल्या, पण मेल्या नाहीत. नंतर ताजा, कडक रस्सा टोचला तेव्हा नव्या कोंबड्या मेल्या आणि या जुन्या वाचल्या. पाश्चर यांच्या प्रयोगवह्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संशोधकांना पाहावयास मिळाल्या. त्यांवरून असे दिसते की, हे सर्व एका सकाळी अचानक घडले नाही. कित्येक महिने प्रयोग चालू होते आणि एमिल रू या तरुण सहकाऱ्याचा त्यांत मोठा वाटा होता. हिशेबाच्या वह्या उघडल्या की दंतकथा थोडी उतरते आणि कष्ट वर दिसू लागतात.

फेब्रुवारी १८८० मध्ये पाश्चर यांनी हा शोध पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडला. त्यातील खरी नवी गोष्ट लस ही नव्हे, कारण देवीची लस जेन्नर यांनी १७९६ मध्येच टोचली होती. नवी गोष्ट ही की, जंतूचा मारक जोर, ज्याला आपण उग्रता म्हणू, तो कायमचा ठरलेला नसतो. तो कमी करता येतो. रस्सा उघड्या हवेत जितके महिने ठेवावा तितका तो सौम्य होत जातो. तोच रस्सा हवा न लागू देता काचेच्या नळीत बंद करून ठेवला तर पुष्कळ महिन्यांनीही पहिल्याइतकाच मारक राहतो. यावरून हवेतील प्राणवायू उग्रता घालवतो असे पाश्चर यांनी अनुमान काढले.

पुढे त्यांनी उलट दिशेचाही प्रयोग केला. सौम्य झालेले जंतू चिमण्या आणि कॅनरी यांसारख्या लहान पक्ष्यांत एकातून दुसऱ्यात टोचत नेले, तर त्यांची उग्रता परत चढत गेली. गिनीपिग या प्राण्यात तर आणखी चमत्कारिक गोष्ट दिसली. कोंबडीला मारणारे हेच जंतू गिनीपिगला टोचले की फक्त एक गळू होते आणि प्राणी खातपीत हिंडत राहतो. मात्र त्या गळवातील पू कोंबडीला टोचला तर कोंबडी मरते. म्हणजे एखादे निरोगी दिसणारे जनावरही मारक जंतू बाळगून असू शकते. सगळ्या साथी बाहेरून आलेल्या परक्या माणसानेच आणल्या, असे मानणाऱ्यांनी हा प्रयोग वाचावा.

आणखी एका प्रयोगात त्यांनी रस्सा गाळून जंतू काढून टाकले आणि उरलेले पाणीच कोंबडीला टोचले. कोंबडीला रोग झाला नाही, पण ती काही वेळ गुंगली. जंतू काहीतरी पदार्थ सोडतात आणि रोगाची काही लक्षणे त्या पदार्थामुळे होतात, ही कल्पना येथून पुढे गेली.

आता उज्जैनच्या तलंगांकडे नेणारी गोष्ट. १८८० च्या सुमारास पाश्चर यांनी एका माणसाच्या अंगावरील गळवांतील पू तपासला. त्यात लहान, गोल जंतू पुंजक्यांनी दिसले. नंतर शल्यवैद्य लानलाँग यांच्या रुग्णालयात हाडात पू झालेल्या एका मुलीवर शस्त्रक्रिया झाली, तेव्हा तो पूही त्यांनी पाहिला. आत तेच जंतू. कातडीवर झाले तर साधे गळू, हाडात गेले तर जिवावरचे दुखणे. हाडाचा हा रोग म्हणजे हाडातले गळूच होय, असा निष्कर्ष पाश्चर यांनी काढला. द्राक्षाच्या घडासारख्या दिसणाऱ्या या जंतूंना दोन वर्षांनी स्कॉटलंडचे शल्यवैद्य ऑगस्टन यांनी स्टॅफिलोकॉकस हे नाव दिले. शेठजींच्या तलंगेच्या सांध्यात निघालेले जंतू याच घराण्यातले.

पाश्चर यांना जे दिसले त्याची कारणे आज पुष्कळ कळली आहेत. कोंबड्यांच्या कॉलऱ्याच्या जंतूंवर साखरेसारख्या पदार्थाचे एक वेष्टन असते. ते प्राण्याच्या स्वतःच्या शरीरातील पदार्थासारखेच असल्यामुळे रक्तातील रक्षक पेशी फसतात. वेष्टन नसलेले जंतू कोंबडीला सहसा मारू शकत नाहीत. स्टॅफिलोकॉकस जंतू सांध्याच्या व हाडाच्या प्रथिनांना चिकटून बसू शकतो, आजूबाजूला रक्ताची गुठळी करून तिच्या आड लपतो आणि शरीराने सोडलेली प्रतिद्रव्ये उलट्या बाजूने धरून निकामी करतो. आतड्यात राहणारा ई. कोलायसुद्धा सांध्यात उतरतो. त्याच्या मारक जाती रक्तातले लोह ओढून घेण्यात पटाईत असतात. जंतूंची हत्यारे ही अशी आहेत.

पण हत्यार असले तरी घरात शिरायला दार लागते. जाळीची तुटलेली तार पायाला लागते, तळव्याला जखम होते, खालची तुसाची गादी ओली राहते, एखाद्या विषाणूच्या रोगाने कोंबडीची प्रतिकारशक्ती खालावते. वाढत्या वयाच्या पक्ष्याच्या हाडांच्या टोकांना रक्तवाहिन्या फार बारीक असतात. भराभर वाढणाऱ्या वजनाने तेथे सूक्ष्म तडे जातात आणि रक्तातून फिरणारे जंतू नेमके तेथे अडकतात. म्हणून सांधा सुजतो. कॉलऱ्यातून जगलेल्या कोंबडीतही जंतू पुष्कळदा तुऱ्याखालच्या कल्ल्यांत आणि सांध्यांत दबा धरून राहतात. सांध्यात घट्ट पू झाल्यावर औषध तेथवर नीट पोचत नाही. यासाठी उपाय आधीच केलेला बरा.

थोर माणसाचे चरित्र लिहिताना त्याच्या उणिवा झाकणे योग्य नव्हे. लसीचा रस्सा सौम्य कसा केला, हे पाश्चर यांनी फेब्रुवारी १८८० मध्ये सांगितले नाही. ऑक्टोबरपर्यंत ते गुपित ठेवले आणि त्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली. मे १८८१ मध्ये पुई-ल-फोर येथे त्यांनी काळपुळीच्या लसीचा जाहीर प्रयोग केला. २ जूनला जमलेल्या लोकांनी पाहिले की, लस टोचलेल्या मेंढ्या उभ्या आहेत आणि न टोचलेल्या मेल्या आहेत किंवा मरणाच्या वाटेवर आहेत. विजय खरा होता. पण ती लस रसायन वापरून तयार केलेली होती आणि रसायनाने जंतू दुबळे करण्याची कल्पना तूसँ यांनी आधी मांडली होती. हे पाश्चर यांनी त्या वेळी उघड केले नाही. कोंबडीचा नमुना पाठवणारे तेच तूसँ १८९० मध्ये वारले. त्यांच्या हयातीत त्यांच्या वाट्याचे श्रेय त्यांना पुरते मिळाले नाही. जमाखर्चात एखाद्याचे देणे राहून जावे तसे हे झाले.

६ जुलै १८८५ रोजी पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफ मायस्टरला लस टोचण्यास सुरुवात झाली आणि तो वाचला. हा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. १८८८ मध्ये पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूट उभी राहिली. २८ सप्टेंबर १८९५ रोजी पाश्चर यांचे निधन झाले. ज्या जंतूंच्या घराण्यात कोंबड्यांच्या कॉलऱ्याचा जंतू मोडतो त्याला त्यांच्या हयातीतच पाश्चरेला हे नाव मिळाले.

या विचारांचा प्रवाह आपल्या भागातही पोचला. जनावरांच्या रोगांच्या संशोधनासाठी सरकारी प्रयोगशाळा १८८९ मध्ये प्रथम पुण्यातच निघाली आणि १८९३ मध्ये हिमालयातील मुक्तेश्वरला गेली. आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था तिच्यातूनच वाढली. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेले हाफकिन १८९६ मध्ये मुंबईत आले आणि १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९८ च्या साथीत हुबळीत ती मोठ्या प्रमाणावर टोचली गेली. मुंबईची हाफकिन संस्था त्यांचेच नाव चालवते. प्लेगच्या जंतूलाही पुढे कित्येक वर्षे पाश्चरेला घराण्यातच गणत असत. प्लेगच्या त्या दिवसांत मुंबईपासून हुबळीपर्यंत लोकांनी एकमेकांकडे संशयाने पाहिले, घरे ओस पडली. आपल्या मासिकाच्या मराठी आणि कन्नड, दोन्ही विभागांच्या वाचकांच्या पणजोबांनी तो काळ पाहिला असेल. कन्नडमध्ये कोंबडीला कोळी म्हणतात आणि मराठीत कोळी म्हणजे भलताच प्राणी. पण रोगाला भाषा कळत नाही.

पुन्हा उज्जैनला येतो. डॉक्टरांच्या सांगण्यावरून शेठजींनी जाळी बदलली, तुसाची गादी कोरडी केली, लंगडणाऱ्या तलंगा वेगळ्या काढल्या. नवीन लंगडणाऱ्या कमी होत गेल्या. मामांनी जाळीचा खर्च वहीत मांडला तेव्हा तो गेलेल्या तलंगांच्या किमतीपेक्षा कितीतरी कमी निघाला. जाळी वर्षापूर्वीच बदलली असती तर, असा विचार शेठजींच्या मनात आला असावा, कारण ते बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिले. मग त्यांनी त्या पोराला बोलावण्यासाठी निरोप पाठवला.

मी निघालो त्या संध्याकाळपर्यंत पोरगा आला नव्हता. स्टेशनला जाताना मामांनी रिक्षा टावर चौकावरून घेतली. वहीत कोंबड्यांचे नुकसान मांडले गेले होते, जाळीचा खर्चही मांडला गेला होता. त्या पोराची बुडालेली मजुरी आणि त्याच्यावर आलेला आळ कोणत्या खात्यात मांडावा, हे मात्र मामांनाही सांगता आले नाही.